लघवीच्या पिशवीची राखण

माणसाच्या ओटीपोटात एक पिशवी असते. आपली दोन मूत्रपिंडे रात्रंदिवस रक्त गाळतात. गाळून निघालेले पाणी दोन बारीक नळ्यांनी या पिशवीत येते व साठते. यालाच आपण लघवी म्हणतो. पुस्तकात या पिशवीला मूत्राशय म्हणतात. आपण या धड्यात लघवीची पिशवीच म्हणू.

या पिशवीलाही कॅन्सर होतो. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण पिशवीच्या कॅन्सरचे नाव फारसे कानावर येत नाही. आणि आलेच तर लोक म्हणतात, "आता पोट फाडणार. पिशवी काढणार. माणूस संपला!"

हे खरे नाही. रोग लवकर सापडला, तर पुष्कळांचे पोट फाडावे लागत नाही. पिशवी जागच्या जागी राहते. माणूस पुन्हा शेतावर जातो, कामावर जातो. मात्र याला एक अट आहे. ती अट कोणती, ते आता समजून घेऊ.

पहिली खूण

या रोगाची पहिली खूण म्हणजे लघवीत रक्त. लघवी तांबडी होते, किंवा चहाच्या काढ्यासारखी काळपट दिसते. कधी रक्ताच्या गुठळ्या पडतात. बहुधा काही दुखत नाही. आणि न दुखणे हेच फसवे असते.

घरोघरी काय घडते, ते पाहा. बायको म्हणते, "अहो, मोरीत तांबडं दिसलं. तुम्हाला काही होतंय का?" नवरा म्हणतो, "काही नाही गं. उन्हाळी लागली असेल. धण्याचं पाणी करून दे." ती धण्याचे पाणी करून देते. दोन दिवसांनी लघवी स्वच्छ होते. दोघांना वाटते, गुण आला.

पण धण्याच्या पाण्याने गुण आलेला नसतो. या रोगात रक्त येते आणि आपोआप थांबते. महिन्याने, कधी सहा महिन्यांनी पुन्हा येते. मधल्या काळात गाठ वाढत असते.

लघवीत रक्त दिसले म्हणजे कॅन्सरच झाला, असे मुळीच नाही. मुतखड्याने रक्त येते. लघवीच्या मार्गात जंतू शिरले तरी येते. बीट खाल्ले तर काहींची लघवी लालसर होते. क्षयाच्या एका गोळीनेही ती नारिंगी-तांबडी होते. पण यांतले कोणते कारण आहे, हे घरी बसून कळत नाही. म्हणून एकदा जरी रक्त दिसले, तरी डॉक्टरकडे जावे.

हा रोग बायकांपेक्षा पुरुषांना तिप्पट-चौपट होतो. वय पन्नास-साठीच्या पुढे असले की धोका वाढतो. तरी बायकांनीही सावध राहावे. "पाळीचं असेल" किंवा "जळजळ होते म्हणून असेल" असे म्हणून त्यांचे दुखणे मागे पडते. पाळी गेलेल्या बाईला तांबडे दिसले, तर तिने एक दिवसही थांबू नये.

विडीचा धूर पिशवीत कसा पोचतो?

विडीचा धूर छातीत जातो. मग लघवीच्या पिशवीला रोग कसा होतो? हा प्रश्न कोणालाही पडेल.

धुरातील विषे छातीतून रक्तात उतरतात. मूत्रपिंडे रक्त गाळतात, तेव्हा ती विषे लघवीत येतात. लघवी पिशवीत तासन्‌तास साठून राहते. तेवढा वेळ ते विषारी पाणी पिशवीच्या आतल्या अंगाला लागून असते. वर्षानुवर्षे असे चालले की आतला थर बिघडतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा रोग न ओढणाऱ्यांपेक्षा दोन-तीन पट किंवा त्याहूनही जास्त होतो.

काही रसायनांनीही हा रोग होतो. १८९५ साली जर्मनीतील लुडविग रेन या शल्यवैद्याच्या हे ध्यानात आले. रंग बनविणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना पिशवीच्या गाठी होत होत्या. पुढे त्या रंगांतील घातक द्रव्ये ओळखली गेली. जे रंग-रसायनांच्या कामावर आहेत किंवा पूर्वी होते, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगावी.

गिलावा आणि भिंत

घराच्या भिंतीला आतून गिलावा असतो. गिलाव्याच्या मागे विटा असतात. पिशवीचेही तसेच आहे. आत पातळ अस्तर असते. त्यामागे जाड स्नायू असतो.

रोग अस्तरातच आहे, की स्नायूत शिरला आहे, यावर सारे अवलंबून असते. गिलाव्याला ओल आली तर तेवढा गिलावा खरवडून काढता येतो. विटांत ओल मुरली तर काम मोठे होते.

रोग पहिल्यांदा सापडतो, तेव्हा शंभरातील सुमारे ७० ते ७५ जणांचा रोग वरच्या थरातच असतो. ही दिलाशाची गोष्ट आहे.

तो किती खोल आहे, हे कसे कळते? लघवी तपासतात. सोनोग्राफी करतात. मग लघवीच्या वाटेने पिशवीत एक बारीक दुर्बीण घालून आत पाहतात. सोनोग्राफीत लहान किंवा चपटी गाठ चुकू शकते. म्हणून डॉक्टर दुर्बीण सांगतात, तेव्हा "सोनोग्राफी झाली की, आता दुर्बीण कशाला?" असे म्हणू नये.

त्याच वाटेने हत्यार घालून गाठ खरवडून काढतात. ही शस्त्रक्रियाच आहे. भूल द्यावी लागते. पण पोटावर चीर पडत नाही, टाके पडत नाहीत. काढलेला तुकडा तपासणीला पाठवितात. त्यावरून रोग किती खोल आणि किती जहाल आहे, ते ठरते. काही वेळा काही आठवड्यांनी पुन्हा एकदा खरवडतात. आधी काही राहून गेले असेल, तर ते त्यात सापडते.

रोग सौम्य असेल तर पुष्कळदा एवढ्याने भागते. खरवडल्यावर लगेच एकदा औषधाने पिशवी धुतात, आणि पुढे नुसती तपासणी चालू ठेवतात. रोग जहाल असेल तर मात्र पुढचा उपचार लागतो. तो उपचार मोठा नवलाचा आहे.

क्षयाच्या लशीचा दुसरा उपयोग

आपल्यापैकी पुष्कळांच्या डाव्या दंडावर एक लहान वण असतो. तो बी.सी.जी. लशीचा. क्षयापासून, म्हणजे टीबीपासून रक्षण व्हावे म्हणून ही लस देतात.

फ्रान्समध्ये काल्मेत आणि गेराँ या दोघा शास्त्रज्ञांनी ही लस तयार केली. गाईगुरांना क्षय करणारा एक जंतू त्यांनी घेतला. बटाट्यावर, बैलाच्या पित्तात भिजवून, तो त्यांनी पुन्हा पुन्हा वाढविला. १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षे हे काम चालले. या काळात त्यांनी तो २३० वेळा एका बशीतून दुसऱ्या बशीत नेला. शेवटी जंतू जिवंत राहिला, पण दुबळा झाला. तीच ही लस. आपल्या देशात मद्रासजवळ गिंडी येथे १९४८ साली ही लस बनविण्याची प्रयोगशाळा सुरू झाली.

१९७६ साली कॅनडातील किंग्स्टन गावच्या डॉक्टर अल्वारो मोरालेस यांनी एक लेख छापला. त्यांनी पिशवीचा कॅन्सर असलेल्या नऊ रोग्यांच्या पिशवीत हीच लस सोडली होती. गाठी पुन्हा येण्याचे प्रमाण खूप घटले. त्यानंतर हा उपचार जगभर पसरला. आज जहाल पण वरवरच्या रोगावर हाच मुख्य उपचार आहे. पिशवीत सोडायची ही लस आता आपल्या पुण्यातही तयार होते.

क्षयाची लस कॅन्सरवर का चालते?

असे समजा, गावात चोर लपला आहे. तो गावचेच कपडे घालून हिंडतो. म्हणून राखणदार त्याला ओळखत नाहीत. एवढ्यात वेशीतून चार परके लोक शिरतात. आरडाओरड होते. सगळे राखणदार काठ्या घेऊन धावतात. घरन्‌घर धुंडाळतात. त्या धुंडाळण्यात लपलेला चोरही सापडतो.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी या शरीराच्या राखणदार आहेत. कॅन्सरची पेशी ही आपल्याच शरीरातून बिघडलेली असते. म्हणून ती त्यांच्या नजरेतून सुटते. लशीचे दुबळे जंतू पिशवीत सोडले, की राखणदार पिशवीच्या अस्तरात गर्दी करतात. ते जंतूंना मारतात आणि कॅन्सरच्या पेशींनाही मारतात.

लस कशी देतात?

खरवडल्यावर निदान दोन आठवडे थांबतात. आतली जखम भरावी लागते. मग आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे लस देतात. लघवीच्या वाटेने मऊ नळी घालून लशीचे पाणी पिशवीत सोडतात आणि नळी काढून घेतात. रोग्याने ते सुमारे दोन तास धरून ठेवायचे, मग लघवी करायची.

आपल्या भागातल्या लोकांनी यात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुंबईहून कर्जतला लोकलने येण्यास सुमारे दोन तास लागतात, आणि लोकलमध्ये शौचालय नसते. म्हणून लस घेऊन लगेच गाडीत बसू नये. रुग्णालयातच थांबून लघवी करावी, मग निघावे.

त्या दिवशी पुढचे सहा तास बसून लघवी करावी, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. लघवीवर ब्लीचिंगचे पाणी ओतावे. पंधरा-वीस मिनिटांनी भरपूर पाणी टाकावे. त्या दिवशी ओढ्याकाठी, विहिरीजवळ किंवा शेतात लघवी करू नये. दोन दिवस नवराबायकोने संग टाळावा. पुढच्या दिवसांसाठी डॉक्टरांना विचारावे, लाजू नये. एवढे पाळले म्हणजे झाले. रोग्याला घरात वेगळे बसवायची किंवा त्याचे ताट वेगळे करायची काही गरज नाही.

लशीनंतर एक-दोन दिवस जळजळ होते. वारंवार लघवीला जावे लागते. थोडी कणकण येते. राखणदार जागे झाल्याची ती खूण आहे. पण ताप १०१ अंशांच्या वर चढला, थंडी वाजून आली, किंवा दोन दिवसांत ताप उतरला नाही, तर तडक डॉक्टरकडे जावे आणि "मी पिशवीत बी.सी.जी. घेतली आहे" असे सांगावे. क्वचित हा दुबळा जंतू रक्तात शिरतो. त्यावर क्षयाची औषधे द्यावी लागतात. गावच्या डॉक्टरला लशीची गोष्ट कळली नाही, तर तो साधा ताप समजून बसेल.

लघवीत तांबडे रक्त असेल किंवा जंतूंचा त्रास असेल, तर त्या दिवशी लस देत नाहीत. "एवढ्या लांब आलो, आज देऊनच टाका" असा आग्रह धरू नये.

पुढे वर्षानुवर्षे काय होते?

आता मुख्य प्रश्न. लस घेतली, बरे वाटले. पण पाच वर्षांनी काय? पंधरा वर्षांनी काय?

अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी १९७८ ते १९८१ या काळात जहाल पण वरवरचा रोग असलेले ८६ रोगी घेतले. काहींची गाठ नुसती खरवडली. काहींना खरवडून वर लसही दिली. मग डॉक्टरांनी त्यांच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवली.

दहा वर्षांनी हिशेब केला. लस घेतलेल्या शंभरातील ७५ जण या रोगाच्या मरणातून वाचले होते. नुसते खरवडलेल्यांत हे प्रमाण ५५ होते. म्हणजे लशीचा फायदा दहा वर्षांनीही दिसत होता.

पंधरा वर्षांनी पुन्हा हिशेब केला. सगळ्या ८६ जणांत २९ जण याच रोगाने गेले होते. २५ जण दुसऱ्या कारणांनी गेले होते. ३२ जण जिवंत होते, आणि त्यांतल्या २३ जणांची पिशवी शाबूत होती.

हे आकडे नीट वाचा. त्यांत दिलासा आहे आणि इशाराही आहे. पोट न फाडता, पिशवी राखून पंधरा वर्षे जगलेली माणसे आहेत. पण काहींचा रोग पाच वर्षे उलटून गेल्यावरही परत आला. काहींना तो मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळीत झाला. हे रोगी फार जहाल रोगाचे होते आणि तो काळही जुना होता. आज लस अधिक दिवस देतात. तरीही रोग परत येण्याची खोड गेलेली नाही.

भाताच्या खाचरात एकदा बेणणी केली म्हणून तण कायमचे जात नाही. बी जमिनीत असते. पुन्हा पाहावे लागते. पिशवीचेही तसेच आहे. हीच ती अट. पिशवी राखायची, तर तिची राखण करावी लागते.

सत्तावीस खेपा

पहिल्या सहा लशींनंतर ठरावीक महिन्यांनी पुन्हा तीन-तीन आठवडे लस देतात. तिसरा, सहावा, बारावा, अठरावा, चोविसावा, तिसावा आणि छत्तिसावा महिना, अशा सात पाळ्या होतात. सहा आणि एकवीस मिळून सत्तावीस खेपा झाल्या. तीन वर्षे लागतात. काहींना डॉक्टर एकच वर्ष सांगतात.

एवढ्या खेपा कशाला? अमेरिकेत ३८४ रोग्यांवर हे पाहिले गेले, आणि २००० साली ते प्रसिद्ध झाले. पहिल्या सहाच लशी घेतलेल्यांत निम्म्या लोकांचा रोग सुमारे तीन वर्षांत परतला. पुढच्या पाळ्याही ज्यांना दिल्या, त्यांच्यात निम्म्या लोकांचा रोग परतायला सहा वर्षांहून अधिक लागली. दुपटीहून जास्त फरक पडला.

पण त्या रोग्यांतही सगळ्या पाळ्या पुऱ्या करणारे शंभरात १६ जणच निघाले. तेव्हा हे काम सोपे नाही, हे कबूल करावे. जळजळ फार झाली तर डॉक्टरांना सांगावे. ते लस पुढे ढकलतात किंवा कमी मात्रेने देतात. आपल्या मनाने बंद करू नये. खेप चुकली तर लाजून घरी बसू नये. पुढची गाडी पकडून जावे.

लशीबरोबर दुर्बिणीची तपासणीही असते. जहाल रोग असेल तर पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी. मग पाच वर्षे पुरी होईपर्यंत दर सहा महिन्यांनी. त्यापुढे वर्षातून एकदा, जन्मभर. सौम्य रोग असेल तर खेपा खूप कमी लागतात.

आपल्याकडे खेप चुकते ती लावणीत आणि कापणीत. एक दिवस मुंबईला गेले की रोज बुडतो, गाडीभाडे लागते. म्हणून घरात बसून आधीच ठरवावे. भिंतीवरच्या कालनिर्णयात तारखेभोवती लाल गोल करावा. त्या दिवशी शेतावर कोण जाईल आणि रोग्याबरोबर कोण जाईल, हे मुलांनी, भावांनी वाटून घ्यावे. सगळे कागद एका पिशवीत ठेवावेत. तुम्हाला आता वाचता येते. तारीख तुम्हीच वाचा, दुसऱ्याची वाट पाहू नका.

लस चालली नाही तर

काहींचा जहाल रोग लस घेऊनही परत येतो, किंवा भिंतीत शिरतो. अशा वेळी डॉक्टर पिशवी काढायला सांगतात. पिशवी काढल्यावर लघवीसाठी पोटावर वाट करतात, किंवा आतड्याची नवी पिशवी बनवितात. काही रोग्यांना खरवडणे, औषध आणि किरण असा तिहेरी उपचार चालतो. तो कोणाला चालेल, हे तज्ज्ञच ठरवितात.

हे ऐकून घरात रडारड होते. कोणी झाडपाल्याचे नाव सांगतो. त्यात चार-सहा महिने जातात, आणि रोग पिशवीबाहेर पडतो. पोट न फाडता बरे व्हावे, ही इच्छा चांगली आहे. पण पिशवीपेक्षा माणूस मोठा आहे. त्या वेळी उशीर करू नये.

जायचे कुठे?

कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. रक्त दिसताच प्रथम तेथे किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी तपासून घ्या. मूत्ररोगाच्या तज्ज्ञाकडे जाण्याची चिठ्ठी मागा. मुंबईत परळला टाटा रुग्णालय आहे. ते १९४१ साली सुरू झाले. परळलाच महापालिकेचे केईएम रुग्णालय आहे. कर्जत किंवा खोपोलीहून लोकलने दादरला उतरले की परळ जवळ आहे. खालापूर-चौकच्या लोकांना पनवेलमार्गे खारघर जवळ पडते. तेथेही टाटांचे केंद्र आहे.

खर्चाची काळजी वाटली, तर रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर न्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ज्या रुग्णालयात चालते, तेथे आरोग्यमित्र बसतात. आपला उपचार योजनेत बसतो का, ते त्यांना विचारा. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवकही असतात. त्यांनाही भेटा. न विचारता परत फिरू नका.

लक्षात ठेवा

लघवीत एकदा जरी रक्त दिसले, तरी दाखवा. दुखत नाही म्हणून सोडू नका.
रक्त थांबले म्हणजे रोग गेला, असे नाही.
विडी, सिगारेट आजच सोडा. रोग झाल्यावरही ती सोडण्याचा फायदा होतो.
रोग वरवर असेल तर पोट न फाडता उपचार होतो.
लशीच्या आणि दुर्बिणीच्या तारखा चुकवू नका.
बरे वाटले तरी तपासणीला जा.

हा धडा वाचून झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. लघवीची गोष्ट चारचौघांत बोलायला माणूस लाजतो. तुम्ही वाचून दाखवलेत, तर गप्प बसलेले एखादे आजोबा किंवा आजी हळूच सांगतील, "मलाही तसं दिसलं होतं." मग त्यांना दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा.